ढेपेच्या गाडीतली चूल

भागीरथा राठोड पहिल्यांदा नवऱ्याच्या ट्रकमध्ये बसून राजस्थानला निघाली, तेव्हा अख्ख्या तांड्यातल्या बाया बघायला जमल्या होत्या. एक म्हणाली, या वयात हौस सुचली बाईला. दुसरी म्हणाली, नवऱ्यावर नजर ठेवायला चालली असेल, लाइनवरच्या ड्रायव्हरचं काय खरं असतं! भागीरथाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. केबिनमध्ये तिने आधी गॅसची लहान शेगडी चढवली, मग तवा, मग ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः चढली. चढताना लुगडं पायरीत अडकलं तेव्हा मात्र बायांना हसू आवरलं नाही. तिलाही आवरलं नाही. पन्नाशीला आलेल्या त्या बाईने पुसदच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं, आणि निघाली होती थेट वाळवंटात, भाकरी थापायला.

तिचा नवरा हरिसिंग दिग्रसच्या एका तेलगिरणीची ढेप घेऊन जायचा. सरकीचं तेल काढल्यावर मागे राहतो तो चोथा म्हणजे ढेप, गुरांचं खाणं. वाळवंटात गवत नाही पण गाई भरपूर, म्हणून आपल्याकडची ढेप जोधपूरच्या पलीकडे, पार फलोदी-पोखरणपर्यंत जाते. हरिसिंग ही गोष्ट अशा ऐटीत सांगायचा, की जणू तिकडच्या गाई याच्याच जिवावर दूध देतात. अर्धं आयुष्य त्याने या लाइनवर काढलं होतं. घरी आला की चार दिवस गोड बोलायचा, पाचव्या दिवशी विनाकारण चिडायचा आणि सहाव्या दिवशी ट्रकचे टायर लाथेने तपासत उभा राहायचा. भागीरथा ओळखायची, आता हा चालला.

मग त्याचं पोट बिघडायला लागलं. खाल्लेलं अंगी लागेना, वजन उतरलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. लोक म्हणत, ड्रायव्हरचं पोट ते, बाहेर खाऊन खाऊन असंच होणार. पण यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आतड्यात दुर्बीण घालून पाहिली आणि स्वच्छ सांगितलं: याला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्कीट, सगळं बंद. आयुष्यभर. चिमूटभर गेला तरी आतून जखम होते. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध.

तांड्यात कुणाला हे मोठं दुखणं वाटलंच नाही. ज्वारीची भाकर खा म्हणावं, आपला बाप-आजा काय गव्हावर जगला? घरात ते खरंही होतं. भागीरथाने गव्हाची कोठी दिराकडे पाठवून दिली, परात नवी घेतली, आणि गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो म्हणून ज्वारी घरच्या जात्यावर दळायला लागली. हरिसिंगला घरी बरं वाटायचं. पण गाडी खंडव्याच्या पुढे गेली की ज्वारी संपते. पुढे जिकडेतिकडे तंदूर, जिकडेतिकडे पोळी. नुसता भात मागावा तर त्या भातात रोटीच्याच पिठाचे हात. एका खेपेला जोधपूरच्या अलीकडे हरिसिंग केबिनमध्ये असा आडवा पडला, की दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवून गाडी पुढे न्यावी लागली.

गाडीचे मालक बबनराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी हरिसिंगला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे पाय हरिसिंग, अजून एकडाव रस्त्यात पडला तर लाइन बंद. मले तुह्या जिवाचं भेव वाटते. दिग्रस-पुसद टेम्पो चालव अन् दोन्ही टाइम घरी जेव."

घरी जेवण्याची शिक्षा ऐकून हरिसिंग परत आला आणि जेवायला न बसता उभ्या ट्रकमध्ये जाऊन बसला. भागीरथाने ताट झाकून ठेवलं. त्याला घरी ठेवलं तर पोट सुधारेल आणि माणूस बिघडेल, हे तिला दिसत होतं. तिने केबिनच्या दाराशी जाऊन सांगितलं, "मी येते संगं. चूल घेऊन."

"गाडीत?"

"मंग काय पायी?"

अशी ही चूल निघाली. तांड्याची रीत अशी, की कुणी लांब निघालं की पूजाअर्चा बघणाऱ्या म्हाताऱ्या नानाजींनी बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांपुढे नैवेद्याचा भोग लावायचा आणि निघणाऱ्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा. उरलेल्या प्रसादाची पुरचुंडी भागीरथाने केबिनमधल्या महाराजांच्या तसबिरीला बांधून टाकली. गाडी सुटली.

वाळवंटात स्वयंपाक करणं म्हणजे काय, ते करून पाहणाऱ्यालाच कळतं. तिथलं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ घंटाभर उकळा, दाणा म्हणून मोडणार नाही. भागीरथाने पहिल्या खेपेला डाळीला शिव्या घातल्या, दुसऱ्या खेपेला मुगाची डाळ आणि गोड्या पाण्याची कॅन आणली. वारा असा, की शेगडी पेटवायची ती ट्रकच्या आडोशाला, आणि पीठ मळायचं ते पदराखाली. तरी भाकरीत रेती करकरायचीच. "रेतीत गहू नसते," असं म्हणून हरिसिंग मुकाट्याने गिळायचा. जवसाची चटणी, ठेचा, मुगाच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे, एवढ्यावर दोघांचा संसार चालायचा.

सारखं गाडीतच रांधणं मात्र जमत नव्हतं. गाडी कुठे थांबेल याचा नेम नसतो. मग भागीरथा ढाब्यांमध्ये शिरायला लागली. ढाब्याच्या बाकड्यावर बसून काही विचारायचंच नाही, तडक आत चुलीपाशी जायचं आणि बाजरीची रोटी थापणाऱ्याच्या हातांकडे पाहत उभं राहायचं. बाजरी चिकटू नये म्हणून तो हळूच गव्हाच्या पिठात बोटं बुडवतो का? तोच चमचा एका भांड्यातून दुसऱ्यात जातो का? डोक्यावर पदर, हातात कोपरापर्यंत पाटल्या, अशी ही परकी बाई आपल्या चुलीवर पोलिसासारखी का उभी आहे, हे कुणालाच कळायचं नाही. एकाने तिला हाकललं. एकाने तिला नोकरीची चौकशी करायला आलेली समजून पगार सांगितला.

तांड्यातले म्हातारे सांगत, आपण मूळचे मारवाडचे, बैलांवर मीठ लादून इकडे आलो. भागीरथाला वाटायचं, मग तिथली माती पाहून आपल्याला काहीतरी वाटेल. मातीकडे पाहून काहीच वाटलं नाही, नुसते डोळे चुरचुरले. पण तिथल्या बाया बोलायच्या ते तिला अर्धंमुर्धं कळायचं, आणि ती तांड्याच्या बोलीत बोलली की त्यांनाही कळायचं. फलोदीच्या पुढे रस्त्याकडेला जमनाबाई नावाच्या विधवा बाईचा ढाबा होता, तीन खाटा आणि एक छप्पर. भागीरथा आत शिरली तेव्हा जमनाबाईने तिला हाकललं नाही, पाट सरकवून दिला आणि "कठै सूं आया?" म्हणून विचारलं, कुठून आलात. भागीरथाने नवऱ्याचं दुखणं सांगितलं. जमनाबाई बाजरी नुसत्या पाण्याच्या हाताने थापायची. दुसऱ्या खेपेला दोघं तिथे पोचली तेव्हा तिने हरिसिंगसाठी एक वेगळी परात खुंटीला टांगून ठेवली होती. परक्या मुलखात कुणीतरी आपल्या माणसासाठी परात राखून ठेवते, याचं भागीरथाला फार अप्रूप वाटलं.

आणि तरीही हरिसिंग आजारी पडायचा.

हेच तिला कळेना. खंडवा, इंदूर, चित्तोड, सगळीकडे ठणठणीत असायचा. जोधपूर मागे पडलं, वाळवंट लागलं, की गावोगाव ढेप उतरवण्यात तीन-चार दिवस जायचे, आणि त्यातल्या एक-दोन दिवसांतच पोट फुगायचं, तोंड उतरायचं. तो लपवायचा, पण बायकोपासून काय लपतं? भागीरथाने एकेक गोष्ट बंद केली. तिकडचं दही बंद. सांगरीच्या शेंगांची भाजी बंद. हिंगात पीठ असतं असं कुणीसं सांगितलं, हिंग फेकून दिला. तिसऱ्या खेपेला तर जोधपूरनंतर तिने जमनाबाईखेरीज कुणाच्याही हातचं त्याला खाऊ दिलं नाही. आणि त्याच खेपेला तो जमनाबाईच्या खाटेवर असा कोसळला, की ढेपेची गाडी दारात उभी आणि हा उठून बसू शकेना.

बबनरावांचे शब्द भागीरथाच्या कानात घुमायला लागले. लाइन बंद. भीतीने माणूस जवळच्यावरच धावून जातो. तिने चुलीपाशी जाऊन जमनाबाईला सरळ विचारलं, की कढीत काय घातलं होतं? कणीक लावली होती ना? खोटं बोलू नको.

जमनाबाई उठली. तिने एकेक डबा उचलून भागीरथासमोर उघडा करून ठेवला. बाजरी, बेसन, मटकी, मीठ, मिरची. घरात गव्हाचा दाणा नव्हता. महाग पडतो, एवढंच म्हणाली, आणि डबे परत लावायला लागली. लावताना तिचे डोळे भरून आलेले भागीरथाला दिसले, पण माघार घ्यायला जीभ वळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिसिंग खेजडीच्या झाडाच्या सावलीत खाटेवर पडला होता. भागीरथाने नेहमीसारखी तसबिरीजवळची पुरचुंडी सोडली. जोधपूर मागे पडलं की रोज सकाळी ती त्याच्या जिभेवर चिमूटभर प्रसाद ठेवायची. पुढे वस्ती नाही, दवाखाना नाही, तेव्हा देवाचं नाव घेऊन निघावं, एवढीच तिची समजूत. तिने प्रसाद भरवला आणि मागे वळली तर जमनाबाई ताकाचा पेला घेऊन उभी. रात्री जिच्यावर आळ घेतला, तीच सकाळी ताक घेऊन आली होती. औषध देतेस का, तिने विचारलं. भागीरथा म्हणाली, प्रसाद आहे. तशी जमनाबाईने डोक्यावरची ओढणी सावरून दोन्ही हात पुढे केले. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि कोण देतं तेही पाहायचं नसतं. तिने चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, चावली, आणि भांडण मिटवायच्या सुरात म्हणाली, की आमच्याकडेही देवाला असाच करतात, गव्हाचाच चुरमा, गूळ-तूप घालून.

भागीरथा पुरचुंडी हातात धरून तशीच उभी राहिली.

गव्हाचाच. नानाजींच्या घरी गव्हाचे जाड रोट भाजून कुस्करतात, हे तिला काय माहीत नव्हतं? तिने स्वतः कितीदा कुस्करले होते. घरातला गहू तिने हाकलला, गिरणी सोडली, परात बदलली, सबंध मारवाडच्या चुली धुंडाळल्या, आणि या पुरचुंडीकडे तिने खाण्याची वस्तू म्हणून एकदाही पाहिलं नव्हतं. ते खाणं नव्हतंच तिच्या लेखी. तो देव होता. निघतानाचा एक घास त्याने कसाबसा पचवला असेल, रोजची चिमूट कशी पचणार? जमनाबाईचे डबे तिच्या डोळ्यांपुढे आले आणि लाजेने तिला मान वर करवेना.

ती खाटेच्या कडेला बसली. "सुरभीचे बाबा, प्रसादात गहू आहे." सुरभी म्हणजे त्यांची पुसदला दिलेली मुलगी.

हरिसिंग डोळे न उघडता म्हणाला, "आहे ना."

"तुमाले माहीत होतं?"

"पयल्या खेपेपासून."

"मंग काहून खाल्ला? तोंड नव्हतं तुमाले? थुंकून नाही टाकता आला?"

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "तुले नाही दिसत वं. जोधपूर सुटलं का तुहे हात कापते. बाटलीचं झाकण लावता येत नाही तुले. प्रसाद दिला का कापणं थांबते. मंग तू भाकरी थापते, गाणं म्हणते. मी म्हटलं, चिमूटभरानं काय होते, सोसून घेऊ."

भागीरथाला इतका राग आला, की तिने पुरचुंडी खाटेवर आपटली आणि पुन्हा घाईने उचलून कपाळाला लावली. प्रसादावर राग काढता येत नाही, नवऱ्यावर काढता येतो. तिने त्याला मूर्ख म्हटलं, खोटारडा म्हटलं, माझ्या हातून मला पाप करायला लावलं म्हटलं. आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. खरं तेच तो बोलला होता. तो तर वीस वर्षं या रेतीतून एकटा हिंडला होता, त्याला वाळवंटाची कसली भीती? भीती तिची होती. तिच्या भीतीचं औषध ती रोज सकाळी त्याच्या जिभेवर ठेवत होती.

जमनाबाईला यातलं किती कळलं कोण जाणे. तिने भागीरथाच्या हातातून पुरचुंडी घेतली, तुळशीच्या कुंडीपाशी ठेवली आणि तिला आत नेऊन चुलीपुढे बसवलं. भागीरथाने तिचे पाय धरले. जमनाबाईने पाय मागे घेतले आणि तिच्या हातात बाजरीची परात दिली, थाप म्हणाली.

हरिसिंग उठून बसायला लागल्यावर भागीरथाने त्याचा फोन घेऊन बबनरावांना स्वतः लावला. "भाऊ, उशीर झाला. हे पडले होते. बाहेरच्या खाण्यानं नाही पडले. कोण्या ढाब्याचा दोष नाही. गहू माह्या हातचा होता, प्रसादातला."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमची गाडी आहे, लाइन बंद करा का चालू ठेवा. पण बंद करान तर माह्या नावानं करा, मले गाडीत बसू देऊ नोका. त्याले काढू नोका."

"अन् तू नाही गेली तर त्याले खाऊ कोण घालन?" बबनराव म्हणाले. भागीरथाने वळून खाटेवरच्या हरिसिंगकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, "ढेप खाली करा पयले. बाकीचं मंग पाहू."

घरी आल्यावर हरिसिंगचं अंग भरायला वेळ लागला. लाइनचं काय ते बबनराव सांगत नव्हते आणि विचारायची दोघांची छाती होत नव्हती. शेवटी गिरणीत ढेपेचा ढीग साचला तेव्हा निरोप आला: एक खेप देतो, पडला तर पुन्हा तोंड दाखवू नका.

निघायच्या सकाळी तांडा जमला. नानाजींनी भोग लावला. गुळातुपाचा वास सगळीकडे पसरला. नानाजी चुरमा घेऊन ट्रकपाशी आले आणि हरिसिंगने सवयीने ओंजळ पुढे केली. भागीरथाने मधेच आपला हात घातला.

"यांचा वाटा मले द्या, नानाजी."

"काहून वं?" नानाजींनी विचारलं. बाया कुजबुजल्या. देवाचा प्रसाद नवऱ्याच्या हातावरून काढून घेणारी बाई तांड्याने पाहिली नव्हती.

"गव्हाचा आहे. देवाले चालते, यांच्या पोटाले नाही चालत."

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं, हरिसिंगकडे पाहिलं. हरिसिंगने ओंजळ मागे घेऊन हात जोडले. मग म्हाताऱ्याने दोघांचाही वाटा तिच्या ओंजळीत टाकला. भागीरथाने सगळ्यांच्या देखत तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, हात धुतले, लुगड्याला पुसले आणि केबिनमध्ये चढली.

खंडवा गेलं, इंदूर गेलं. चित्तोडला तिने भाकरी थापल्या. जोधपूर मागे पडलं, झाडं विरळ झाली, रस्त्यावर रेती वाहायला लागली. सकाळ झाली. तसबिरीशी काही बांधलेलं नव्हतं. भागीरथाने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, आटे बसेनात. तिने झाकण मांडीवर ठेवलं.

"सुरभीचे बाबा."

"हां."

"मले भेव वाटून राह्यलं."

हे शब्द तिने या रस्त्यावर पहिल्यांदाच तोंडातून काढले होते. हरिसिंगने तिच्याकडे पाहिलं नाही, गाडीचा वेग थोडा कमी केला. "कायचं वाटते?" त्याने विचारलं.

"तुमी मरसान अन् मी इथं एकटी राहीन, त्याचं."

"अजून?"

"अजून हेच."

"मलेबी वाटते," हरिसिंग म्हणाला. "सांगत राह्य. मी ऐकून राह्यलो."

मग ती सांगायला लागली आणि फलोदी येईपर्यंत सांगत राहिली.